सुटतं ना पण हे?

वरच्या मजल्यावरची मुलगी यंदा दहावीला आहे. दुसऱ्या दिवशी क्लासची चाचणी होती, पुस्तकातली गणितं करून संपली होती, म्हणून संध्याकाळी वही घेऊन खाली आली. "काकू, अवयव पद्धतीची पाच-सहा गणितं घालून द्या ना." डाळ शिजत होती. कुकरच्या शिट्ट्यांकडे कान ठेवून मी ओट्याशीच उभ्या उभ्या तिच्या वहीत वर्गसमीकरणं लिहून दिली. तिनं वही फिरवून घेतली, पहिलं समीकरण वाचलं आणि पेनाचं टोपण काढायच्या आधी विचारलं, "सुटतं ना पण हे?" मी म्हटलं, "सुटतं गं, बस, कर." ती बसली, भराभरा सोडवूनही मोकळी झाली आणि गेली. रात्री भांडी आवरताना तो प्रश्न पुन्हा आठवला. कसं सोडवायचं हे तिनं विचारलंच नव्हतं, ते तिला येत होतं. गणित घालणाऱ्या बाईनं आधी उत्तर ठरवून मगच गणित घातलंय का, एवढीच तिला खात्री हवी होती. पुस्तकातल्या गणिताला हा प्रश्न ती कधीच विचारत नसणार. पुस्तकात आहे म्हणजे सुटणारच. ओट्याशी उभं राहून घातलेल्या गणिताचा काय भरवसा?

आणि तिची शंका अगदी रास्त होती. अवयव पद्धत ज्या विश्वासावर चालते तो विश्वास ही पद्धत शिकवताना कुणी बोलून दाखवत नाही. समोर क्ष² − १४क्ष + ४८ = ० असतं. गुणाकार ४८ आणि बेरीज १४ येईल अशा दोन संख्या शोध, असं आपण सांगतो. अशा दोन संख्या असतीलच, हे मात्र गृहीत धरलेलं असतं. पोरं शोधतात. २ आणि २४, बेरीज २६, फार मोठी. ३ आणि १६, एकोणीस. ४ आणि १२, सोळा, आलं जवळ. ६ आणि ८, चौदा! मग उत्तरपत्रिकेत ऐटीत लिहायचं: क्ष² − ६क्ष − ८क्ष + ४८ = ०. मधलं पद फोडलं. आधीच्या तीन जोड्यांची खटपट पानाच्या उजवीकडे, उभी रेघ मारलेल्या कच्च्या कामाच्या पट्टीत राहते आणि तिला कुणी मार्क देत नाही. पेपर तपासणाऱ्याला वाटावं, मुलाला ६ आणि ८ दिसलेच एकदम.

ते शोधणं मला अजूनही आवडतं. शाळेच्या गणितात अंदाजाला राजरोस परवानगी असलेली जागा एवढी एकच असावी. बाकी सगळीकडे पायरी, सूत्र, कारण. इथं मात्र चाचपडायचं, हुकायचं, पुन्हा चाचपडायचं.

कॉलेजात असताना जळगावला एका क्लासमध्ये मी संध्याकाळी शिकवायला जायचे. शिकवण्यापेक्षा सराव-पत्रिका काढायचं काम माझ्याकडे जास्त असायचं, कारण माझं अक्षर बरं होतं आणि पत्रिका हातानं लिहून झेरॉक्स काढायच्या असत. तिथं या धंद्याची उलटी बाजू कळली. गणित घालणारा समीकरणापासून सुरुवात करतच नाही. तो आधी दोन आकडे धरतो, कंस मांडतो, गुणून टाकतो आणि मग कंस खोडून समीकरण तेवढं पत्रिकेवर ठेवतो. म्हणजे पोरं जे पाडतात ते अवयव आम्हीच जोडलेले असायचे. यातही कमी-जास्त खोडसाळपणा करता येतो. ५ आणि ७ धरले तर पोरांना काही मजाच येत नाही. ३५ ला दुसरी जोडी कुठली, तर १ आणि ३५. गुणाकार ३६, ४८, ६०, ७२ असा भरपूर अवयवांचा घेतला की पोरं जरा फिरतात. चिन्ह बदललं की निम्मा वर्ग आडवा. क्ष² + २क्ष − ४८ मध्ये तेच ६ आणि ८ आहेत, फक्त आता एकाला वजा व्हायचंय आणि वजा नेमकं कुणी व्हायचं यावरून मागच्या बाकावर भांडणं. क्ष² च्या आधी आकडा आला की आणखी एक पायरी: ६क्ष² − क्ष − २ मध्ये ६ ला −२ नं गुणून −१२ करायचे, मग −४ आणि ३. आणि सगळ्यात बिलंदर म्हणजे √२ क्ष² + ७क्ष + ५√२ = ०. हे फळ्यावर लिहिलं की वर्गात सुस्कारे ऐकू यायचे. खरं तर √२ आणि ५√२ एकमेकांना गुणले की वर्गमुळाचं चिन्ह जातं आणि साधे १० उरतात, २ आणि ५, सात. इतकं सोपं गणित इतक्या भीतीदायक कपड्यांत मी दुसरं पाहिलेलं नाही.

पोरंही काही कमी नसतात. प्रश्नात 'अवयव पद्धतीने सोडवा' असं छापलेलं असलं की ती निर्धास्त होतात, कारण तो शब्द दिलेला असतो की अवयव पडणार. 'सूत्राचा वापर करून सोडवा' म्हटलं की सावध होतात, इथं वर्गमुळं निघणार. 'सोडवा' एवढंच असेल तर आधी दोन मिनिटं अवयव शोधायचे, नाहीच मिळाले तर सूत्र. ही हुशारी कुठल्या पुस्तकात नाही. प्रश्न काढणाऱ्याच्या मनात काय असेल, याचा अभ्यास पोरांनी स्वतःहून केलेला असतो.

अवयव सापडल्यानंतरची पायरी मात्र सगळे जण फारच सहज ओलांडतात. (क्ष − ६)(क्ष − ८) = ०, म्हणून क्ष − ६ = ० किंवा क्ष − ८ = ०. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यातली एक तरी शून्य असलीच पाहिजे. साऱ्या पद्धतीचा जोर एवढ्या एका गोष्टीवर आहे आणि हे भाग्य फक्त शून्याच्या वाट्याला आलंय. गुणाकार ५ असेल तर १ आणि ५ असतील, अर्धा आणि १० असतील, काय वाट्टेल ते असेल. समीकरण शून्यासमोर आणून त्याचे कंस पाडायची ही रीत इंग्लंडच्या टॉमस हॅरियटच्या पुस्तकात व्यवस्थित दिसते. पुस्तक निघालं १६३१ साली, तो वारल्यावर दहा वर्षांनी. क्लासमध्ये एका मुलानं मला (क्ष − ३)(क्ष − ७) = ५ हे गणित असं सोडवून दाखवलं होतं: क्ष − ३ = ५, म्हणून ८; क्ष − ७ = ५, म्हणून १२. मी तोंड उघडणार एवढ्यात तो म्हणाला, ताळा करून बघा. आता ८ ठेवून पाहिलं तर ५ गुणिले १, बरोब्बर ५! बारा ठेवले तर ९ गुणिले ५, पंचेचाळीस. म्हणजे चुकीच्या वाटेनं जाऊन निम्मं उत्तर बरोबर. खरी मुळं २ आणि ८. त्याला शून्याचं महत्त्व पटवायला मला अख्खा तास लागला, कारण ८ त्याच्या बाजूनं साक्ष देत होता.

मग न सुटणारी गणितं जातात कुठं?

त्या रात्री मी मागच्या वर्षीच्या डायरीच्या कोऱ्या पानावर सहज मांडून पाहिलं. बेरीज १० धरली, म्हणजे क्ष² − १०क्ष, आणि शेवटचं पद १ पासून २५ पर्यंत एकेक करून बदलत नेलं. अवयव कधी पडतात? ९ ला पडतात, १ आणि ९. मग थेट १६ ला, २ आणि ८. मग २१, मग २४, मग २५. बस्स. पंचवीस समीकरणांत पाच. बाकीची वीस, दिसायला अगदी तशीच, तेच क्ष², तेच −१०क्ष, पण पूर्णांकांच्या कंसांत बसायला तयार नाहीत. पुस्तकात त्या पाचांची गर्दी आहे आणि ती वीस जणू जन्मालाच आलेली नाहीत. दहावीच्या पोरांना वाटत असणार की जगातली वर्गसमीकरणं साधारणपणे सुटतातच, क्वचित एखादं हट्टी निघतं. आहे नेमकं उलटं.

हट्टी निघालेल्याचं लोक काय करतात तेही मी पाहिलंय. गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीचं गेट दुरुस्त करायला एक फॅब्रिकेटर आला होता. चहा द्यायला गेले तेव्हा त्याच्याजवळ वीस फुटी पाइप पडलेला होता. मला खोडी सुचली. म्हटलं, "दादा, या एका पाइपाची चौकट करायची, कापाकापीत काही जात नाही असं धरा. आत बावीस चौरस फूट जागा निघेल?" म्हणजे लांबी-रुंदीची बेरीज १० आणि गुणाकार २२, त्या हट्टी विसांतलंच एक. त्यानं चहा बाजूला ठेवला, खडू घेतला आणि फरशीवर लिहीत पुटपुटला, "सहा चोक चोवीस, जास्त होतात. सात त्रिक एकवीस, कमी पडतात." दोघांच्या मधे काहीतरी आहे हे त्याला लगेच कळलं. मग क्षणभर आढ्याकडे बघून म्हणाला, "पावणेसात बाय सव्वातीन करू. होतंय बघा, जरासं कमी भरेल." घरी येऊन गुणलं तर २१.९३७५. सूत्रानं काढलेलं उत्तर ५ + √३ आणि ५ − √३, म्हणजे सुमारे ६.७३ आणि ३.२७. त्याच्या टेपवर पाव इंचाचा फरक. माझे वडील पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, घडाघडा म्हणायचे आणि आम्ही हसायचो, ते त्या दिवशी थोडं महागात पडल्यासारखं वाटलं. माझी पोरगी असती तर तिनं फोन काढला असता, आणि मीही.

पण त्याच्या हिशेबातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच. त्यानं केलं ते पोरं कच्च्या कामाच्या पट्टीत करतात तेच होतं: जोडी धर, गुण, जास्त की कमी ते बघ. फरक इतकाच की उत्तर पूर्णांकातच असेल असं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून दोन जोड्या हुकल्यावर तो अडला नाही, मधल्या जागेत शिरला. आपली पोरं तिथं थांबतात. सहा-चार नाही, सात-तीन नाही, म्हणजे गणित चुकीचं छापलंय.

डायरीतल्या त्या पाच आकड्यांकडे बघत बसले तेव्हा लक्षात आलं की ते भलत्याच शिस्तीत आलेत. २५, २४, २१, १६, ९. पंचवीसमधून ०, १, ४, ९, १६ वजा केलेत. कारण दोन संख्यांची बेरीज १० असेल तर त्या ५ च्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर असणार, एक जितकी पुढे तितकीच दुसरी मागे. अंतर २ असेल तर ७ आणि ३, गुणाकार २५ वजा ४. २५ मधून गुणाकार वजा करून उरलेली संख्या पूर्ण वर्ग असली की अवयव पडले, नसली की नाही. म्हणजे शोधाशोध करायची गरजच नाही. निम्मी बेरीज घ्या, तिच्या वर्गातून गुणाकार वजा करा, उरलेल्याचं वर्गमूळ काढा. १४ आणि ४८ साठी: सातचा वर्ग ४९, वजा ४८, उरला १, म्हणून ७ च्या एका घरानं अलीकडे आणि पलीकडे, ६ आणि ८. बावीसला उरतात ३, आणि तिथंच ते √३ येऊन बसतं. ही युक्ती काही नवी नाही. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या बाबिलोनी मातीच्या पाट्यांवर आयताच्या बाजूंची बेरीज आणि क्षेत्रफळ देऊन बाजू काढायची गणितं आहेत, ती याच वाटेनं सोडवलेली आहेत. २०१९ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचे पो-शेन लोह यांनी ती शाळेसाठी नव्यानं मांडली आणि काही दिवस बातम्यांत गाजली. मला मात्र ती कळल्यावर जरा हळहळच वाटली. चाचपडण्याची गंमत गेली. पोरांना मी ही युक्ती सांगेन, पण दोन-चार महिने भरपूर हुकून झाल्यावर.

हे सगळं डोक्यात घोळत असताना मला पाटणादेवी आठवली. लहानपणी मे महिन्यात चाळीसगावला मावशीकडे गेलं की एकदा तिकडे सहल ठरलेली. जीपमधून जाताना अंगावर येणारी ती गरम धूळ, मग एकदम डोंगराची सावली, देवळातला दगडाचा गारवा आणि बाहेर नारळाच्या पिशवीवर टपलेली वानरं. मावशी पदराखाली प्रसाद झाकून चालायची, तरी एकानं तिच्या हातातला नारळ नेलाच होता. बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य यांचं आणि या जागेचं नातं काय हे तेव्हा कुणी आम्हाला सांगितलं नाही. 'शून्याचा शोध इथंच लागला' असलं काहीतरी काका ठोकून द्यायचे. खरी गोष्ट अशी की पाटणच्या, म्हणजे या पाटणादेवीच्याच, देवळात १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादवराजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता, आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्यानं तिथं मठ काढला, आणि त्या मठाला दिलेल्या दानाची ही नोंद. लेखाचा बराचसा भाग संस्कृत, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत. पाटणच्या पेठेत जो माल उघडेल त्यावर राजाला गिऱ्हाइकाकडून जे मिळायचं ते मठाला द्यावं, असा त्यांचा मथितार्थ. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. बाजारात माल घेणाऱ्याच्या पैशातून बीजगणिताच्या शिकवण्या चालत होत्या, हे मला त्या शून्याच्या थापेपेक्षा पुष्कळ भारी वाटतं.

तर त्या बीजगणितात वानरं आहेत. भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली सिद्धांतशिरोमणी लिहिला, बीजगणित हा त्याचाच भाग. वर्गसमीकरणांच्या प्रकरणात एक गणित असं: एका कळपातल्या माकडांच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी माकडं रानात बागडतायत, उरलेली १२ डोंगरावर आरडाओरडा करतायत, तर कळपात एकूण किती? उत्तरं दोन, १६ किंवा ४८, आणि दोन्ही चालतात. सोळाचा आठवा भाग २, त्याचा वर्ग ४, अधिक १२. अठ्ठेचाळीसचा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२. सोडवायची त्यांची रीत अवयवांची नव्हे, वर्ग पूर्ण करण्याची. श्रीधराचार्यांचा नियम त्यांनी नाव घेऊन दिलाय, दोन्ही बाजूंना क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीनं गुणा वगैरे. पण मी सराव-पत्रिका काढलेली बाई. मी गणित सोडवायच्या आधी ते कसं घातलं असेल तेच बघणार. आठव्या भागालाच क्ष म्हणा. मग क्ष² + १२ = ८क्ष. म्हणजे क्ष² − ८क्ष + १२ = ०, म्हणजे (क्ष − २)(क्ष − ६) = ०. आठवा भाग का? कारण २ आणि ६ ची बेरीज ८. डोंगरावर बाराच का? कारण २ आणि ६ चा गुणाकार १२. माझ्या लेखी तरी या माणसानं आधी २ आणि ६ धरले, मग त्यांना रानात सोडलं. आम्ही जळगावला झेरॉक्सच्या कागदावर करायचो तेच.

त्याच प्रकरणातलं वानरांचं दुसरं गणित जास्त तिरकं आहे. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग एवढी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतंय. पाचव्या भागाला क्ष म्हटलं तर क्ष² − ११क्ष + १० = ०, म्हणून १ आणि १०, म्हणजे कळप ५ चा किंवा ५० चा. पन्नासचा ताळा जमतो: १० वजा ३ सात, वर्ग ४९, अधिक फांदीवरचं एक. पाचचाही आकड्यांपुरता जमतो: १ वजा ३, उणे २, वर्ग ४, अधिक १. पण उणे दोन माकडं कुणी पाहिलीत? भास्कराचार्य म्हणतात, हे दुसरं उत्तर घेऊ नये, लोकांना असलं ऋण पटत नाही. आपल्या पुस्तकात 'लांबी ऋण असू शकत नाही' असं लिहून −८ वर काट मारतात तेच हे, साडेआठशे वर्षं आधी.

हे त्यांच्या हातून चुकून झालं असेल असं मला काही केल्या वाटत नाही. दोन्ही उत्तरं चालणारं गणित त्यांना घालता येत होतं, घालून दाखवलंही होतं. इथंही पाचवा भाग तोच ठेवून, वजा ३ तेच ठेवून, फांदीवर एकाच्या जागी १९ माकडं बसवली असती तर क्ष² − ११क्ष + २८ झालं असतं, म्हणजे ४ आणि ७, आणि कळप २० चा म्हणा किंवा ३५ चा म्हणा, दोन्ही बिनतक्रार चालले असते. तरी त्यांनी एकच बसवलं, मुद्दाम. आता १९ माकडं एका फांदीवर बसवायची तर फांदीही तशीच दणकट हवी, हा भाग वेगळा.